सरवा बंद झाला, असं मी सांगितलं

हळदीचं शेत काढून झालं तरी मातीत काही ना काही राहतंच. ट्रॅक्टर कितीही खोल घातला तरी बोटाएवढी हळकुंडं, तुटके गड्डे ढेकळांच्या पोटात दडून बसतात. शेवटची गाडी भरून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बाहेर पडली की मालक हात हलवून म्हणतो, "मोकळं." मग गावातल्या बाया, म्हाताऱ्या, शाळा सुटलेली लेकरं खुरपी घेऊन शिरतात. ज्याला जे सापडेल ते त्याचं. याला आमच्याकडं सरवा म्हणतात. तो कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. तो असतो.

मी तरणी होते तेव्हापासून हळदीच्या टोळीत होते. कंद फोडायचे, माती झटकायची, गड्डे एकीकडं आणि हळकुंडं दुसरीकडं. गुडघे गेले तेव्हा मुकादमीण म्हणाली, "मावशी, आता तुमी घरीच बसा." मी बसले. पण सरव्याला गुडघे लागत नाहीत. बसल्या बसल्या सरकत जायचं आणि उकरायचं. निघालेली हळद मी अंगणात मोठ्या पातेल्यात शिजवायची, पत्र्यावर वाळवायची आणि जवळा बाजार या गावाला आठवडी बाजारात नेऊन बसायची. माझा चहा, साखर, गुडघ्याचं औषध, चष्मा त्यातून चालायचं.

मला मुलगा आहे. शहरात एका कारखान्याच्या दारावर पहारेकरी आहे. वाईट नाही. मागितलं तर देतो. पण मागावं लागतं, आणि देण्याआधी तो एकदा बायकोकडं बघतो. ते बघणं मला नको असतं. सरवा होता तोवर ते मला बघावं लागलं नाही.

एक गोष्ट लिहायला पाहिजे. टोळीत असताना आम्ही काढता काढता दोन-चार हळकुंडं टाचेनं मातीत दाबायचो. सरव्याला आपल्यालाच सापडतील म्हणून. मालकाला ते माहीत होतं. त्याच्या बापालाही माहीत होतं. बाप धुऱ्यावरून ओरडायचा, "ए बाया, पेरणी कराया लागल्या का?" आणि तोंड फिरवून विडी पेटवायचा. हा आताचा मालक तेव्हा चड्डी सावरत त्याच्या मागं फिरायचा. म्हणून मी त्याला चारचौघांत मालक म्हणते आणि एकटा सापडला की अरे-तुरे करते.

मग कंपनी आली. मालकाची हळद परदेशी जाणार असं ठरलं. तिकडच्या लोकांना म्हणे हळद खाताना काळजी असते, की ती काढताना कोणाला त्रास तर झाला नाही ना. मला नवल वाटलं. आमच्या गावात जेवताना समोर वाढणाऱ्या बाईला त्रास झाला का, हेसुद्धा कोणी विचारत नाही.

कंपनीचा एक माणूस मोटारसायकलवर हिंडायचा. शेतकीचा पदविकावाला, पोट सुटलेलं, गळ्यात ओळखपत्र. त्याला सगळे फिल्डसाहेब म्हणायचे. त्यानं आखाड्यावर, म्हणजे मालकाच्या शेतातल्या कोठ्यावर, येऊन सांगितलं की पुढच्या आठवड्यात पुण्याहून म्याडम येणार, मानवी हक्कांची तपासणी करणार.

मालकानं विचारलं, "ते कुठं असतेत?"

"कागदावर असतेत," फिल्डसाहेब म्हणाला, "पण म्याडमला शेतात दाखवायचे."

मग आठ दिवस दाखवायची तयारी चालली. चार बांबू रोवून हिरव्या जाळीचा संडास उभा केला. त्याला कडी लावली आणि बायांना बजावलं की म्याडम येईपर्यंत त्यात कोणी जायचं नाही, घाण होईल. औषधाची पेटी आणली, ती भिंतीला ठोकली, तिची किल्ली हरवली. प्रत्येकीला रबरी हातमोजे दिले. हातमोजे घालून कंद फुटत नाही, निसटतो. बायांनी ते कमरेला खोचले आणि म्हणाल्या, गाडी दिसली की चढवू.

मी टोळीत नव्हते. पण म्याडम यायच्या दिवशी दोघी लग्नाला गेल्या होत्या आणि यादीत माणसं कमी पडत होती, म्हणून मालकानं मला बोलावणं धाडलं. फिल्डसाहेबानं आम्हाला ओळीनं उभं करून तालीम घेतली.

"वय किती?"

"अठरा पूर्ण!" सगळ्या एकदम ओरडल्या. मीपण ओरडले.

"आजी, तुमी नका ओरडू," तो म्हणाला.

"पूर्ण झाले न्हाई का मग माझे?"

टोळीत माझ्या शेजारच्या ओळीला पहिल्यापासून एक मुसलमान बाई असायची. सगळ्या तिला खाला म्हणतात. तोंडानं तिखट, हातानं माझ्याहून चपळ. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, जो सिखाया वो बोल दे और छुट्टी कर. तेरी जुबान को आज बांध के रख."

म्याडम आली. पोरवयाची होती, डोक्यावर टोपी. मालकानं खुर्ची पुढं केली तर ती खाली मातीत बसली, अंगाखाली काही न घेता. ते मला आवडलं. मालकाला आणि फिल्डसाहेबाला तिनं लांब आखाड्यावर पाठवून दिलं आणि एकेक बाईला बाभळीखाली बोलावून विचारायला लागली. बाया पढवलेलं बोलून आल्या. शेवटी माझी पाळी.

तिनं कागद मांडीवर घेतला. "आजी, तुम्हाला इथं जबरदस्तीनं कामाला आणतात का?"

"जबरदस्ती कशाची? बोलावत न्हाईत, हीच तकलीफ आहे."

"तुम्हाला संघटना करायचं स्वातंत्र्य आहे का?"

"बचतगट केला होता. भांडणात फुटला. स्वातंत्र्य व्हतं."

"मालकाविरुद्ध तक्रार असेल तर कोणाकडं करता?"

"मालकाकडंच. दुसऱ्याला काहून आयकाया येळ असंल?"

"कामाच्या ठिकाणी जातीवरून भेदभाव होतो का?"

मी जरा विचार केला. "पयले आमच्या वाट्याला पाण्याचा तांब्या येगळा असायचा. आता बाटली ज्याची त्याची. म्हणून काही समजत न्हाई."

तिनं हे लिहिलं आणि खोडलं आणि परत लिहिलं. मग विचारलं, "इथं कोणी मोबदल्याशिवाय काम करतं का?"

इथं खालाचं ऐकायला पाहिजे होतं. पण मला कोणी खरं विचारलं की मी खरं सांगते, आणि इतक्या वर्षांत इतकं कान देऊन विचारलं कोणी नव्हतं. मी तिला सरवा सांगितला. बैजवार सांगितला. मालक मोकळं म्हणतो ते, ढेकूळ कसं फोडायचं ते, ओळ कशी धरायची ते.

"म्हणजे मजुरी मिळत नाही?"

"सरव्याला मजुरी कोण देतं बाई?"

"लहान मुलंही येतात?"

"येतेत की. नाचत येतेत. त्याह्यची नजर तेज असते. एका लेकराला दोन म्हाताऱ्याइतकं सापडतं."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"खुरपं हरवलं तर मार."

तिचा पेन असा चालला की मला अभिमान वाटला. मी उठले तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. "आजी, आज इथं तुम्ही एकट्याच खरं बोललात." मी टोळीकडं मान ताठ करून गेले. खालानं विचारलं, "क्या बोली इत्ती देर?" मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. मला वाटलं जळतेय.

काढणी संपली. शेवटच्या गाडीच्या दिवशी आम्ही सकाळीच पोती आणि खुरपी घेऊन धुऱ्याशी जमलो. वीस-पंचवीस बाया, लेकरं वेगळीच. धुऱ्यावर निंबाच्या झाडाला नवी पाटी ठोकलेली होती. मी चौथी शिकलेली, म्हणून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. या शेतात बालमजुरी व विनामोबदला काम करून घेतले जात नाही. पाटीखाली मालक उभा होता.

"मोकळं म्हण की," मी म्हणाले.

"आता मोकळं बंद, मावशी. कंपनीचा नियम आहे."

"कसला नियम?"

"तुमच्याच भल्याचा आहे. तुमचं शोषण होऊन राहिलं व्हतं."

"होऊ दे की माझं. तू बाजूला हो."

"तसं न्हाई करता येत. तुमचा हक्क आहे तो."

"कशाचा?"

"शोषण न होण्याचा," तो म्हणाला. फिल्डसाहेबानं शिकवलेलं त्याला बराबर पाठ झालं होतं. वर म्हणाला, "आन् लेकरं पाहा. त्याह्यचं बालपण करपून चाललं."

हा माणूस स्वतः सातव्या वर्षी बैलाच्या मागं तासात चालायचा, मी डोळ्यानं पाहिलेलं आहे. लेकरं पोती डोक्यावर घेऊन तिथंच खेळायला लागली. बाया परत फिरल्या, आणि फिरताना मालकाकडं कोणी बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"तुला कोनी सांगितलं व्हतं खरं बोलाया?" मुकादमीण म्हणाली.

खाला म्हणाली, "सौ सवाल थे. एक पे तो झूठ बोलती."

दोन दिवसांनी कळलं. मालकानं शेतात वखर घातला आणि सालगड्याला, त्याच्या बायकोला आणि त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला मागं वेचायला लावलं. सालगडी सालाचा बांधलेला, त्याला त्याचं साल मिळतं. बायको त्याच्याबरोबर शेतात राहते म्हणून राबते, तिला वेगळं काही नाही. पोरीला तर नाहीच. वेचलेली हळद मालकाच्या घरी गेली. म्हणजे आम्ही स्वतःसाठी वेचत होतो ते शोषण होतं, आणि ती तिघं मालकासाठी वेचत होती ते घरकाम होतं. इतकी वर्षं त्याच्या बापाला जे जमलं नाही ते मानवी हक्कांनी त्याला करून दिलं.

मी कंपनीच्या खरेदी केंद्रावर गेले. जवळा बाजारच्या रस्त्याला आहे. फिल्डसाहेब पंख्याखाली बसला होता.

"आमचा सरवा आमाला परत द्या," मी म्हणाले.

"आजी, फॉर्ममधी सरव्याला रकानाच न्हाई. काम आहे नाहीतर काम न्हाई, एवढंच आहे."

"सरवा काम न्हाई."

"मग शेतात काहून शिरता?"

"हळद काढाया."

"मंग काम झालं ना ते."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला आणि दोन उपाय सांगितले. एक, मालकानं सरव्याची मजुरी द्यायची आणि हळद मालकाची. दुसरा, आम्ही स्थानिक समुदाय म्हणून अर्ज करायचा. वयाचा दाखला, विमा, पायात बूट, आणि वर्षातून एकदा प्रशिक्षण.

"कशाचं परशिक्षण?"

"सरवा कसा येचायचा, त्याचं."

"कोण देणार?"

"पुण्याची संस्था आहे," तो म्हणाला आणि स्वतःच खाली बघायला लागला.

"आन् पयल्या उपायाचं काय? मालक मजुरी देतो का?"

"तो म्हणतो शेतात सरवा राहतच न्हाई."

ते वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. चष्म्याची काच फुटली ती तशीच राहिली. गुडघ्याचं औषध संपलं तेव्हा मुलाला फोन केला. तो "हो" म्हणाला, आणि फोनवर दिसत नसलं तरी त्यानं बायकोकडं बघितलं हे मला कळलं. आणि एक दिवस भाजीला हळद नव्हती. आजूबाजूला बघावं तिकडं हळदीची शेतं, आणि मी दुकानात जाऊन हळदीचं पाकीट आणलं. पाकिटावर डोक्यावर टोपली घेतलेली बाई होती, सगळे दात दाखवत हसत होती. इतकं हसत हळद काढणारी मी अजून पाहिली नाही. गावातल्या बाया मला पाणवठ्यावर बोलत नव्हत्या. खाला बोलायची, पण फक्त टोमणे.

पुढच्या काढणीला फिल्डसाहेबानं मालकाला सांगितलं की म्याडम परत येणार. मागच्या वेळी जी चूक सापडली ती सुधारली का हे बघणार. आणि ज्या बाईनं ती चूक सांगितली होती, तिच्याच तोंडून खात्री करणार. तसा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक माझ्या घरी आला. त्याचा बाप आमच्या वस्तीत कधी आला नाही. काही सांगायचं असलं तर वेशीपासून हाक मारायचा. हा येऊन माझ्या बाजेवर बसला. मी मुद्दाम चहा ठेवला, बघू म्हटलं. त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि "चांगला झाला" म्हणाला. तेव्हा मला कळलं की तो किती घाबरलाय.

"मावशी, म्याडम तुमालाच इचारणार. सरवा बंद हाये, एवढंच सांगा."

"बंद तर हायेच. त्यात सांगायचं काय?"

"ते झालंच. पण पुढं इचारलं, की मग मागं राहिलेली हळद कोण येचतं..."

"कोण येचतं?"

तो रिकाम्या कपात बघत बसला.

"सालगड्याची बायको," मी म्हणाले. "आन् ती पोरगी. शाळेत नाव हाये तिचं, हाजरी शेतात."

"मावशी, कंपनीनं माल नाकारला तर मी मरतो."

"मंग आसं कर. सरवा मोकळा कर. मी म्याडमला सांगते की बंद हाये."

त्याला समजायला वेळ लागला. "म्हंजे मोकळा केला तर बंद सांगणार?"

"व्हय."

"आन् बंद ठेवला तर?"

"तर कसा बंद हाये ते खरं खरं सांगणार."

तो हसायला लागला, मग हसणं थांबवून म्हणाला, "तुमी कधी लबाड बोलत न्हाई, मावशी. तुमाला जमंल का?"

"तुमच्या तालमीत बसते की. पयल्यासारखी."

तो कबूल झाला. वेशीपर्यंत जाऊन परत आला आणि पुन्हा एकदा कबूल झाला. त्यानं हे गृहीत धरलं होतं की बंद ठेवला तर मी खरं सांगेनच. मी ते सांगू शकत नव्हते. कारण आदल्या सांजेला सालगड्याची बायको माझ्याकडं येऊन गेली होती. कुठून तरी तिला म्याडमचं कळलं होतं. "आत्या," ती म्हणाली, "माझं नाव काढू नका. मालकाला बोल लागला तर तो आमचं साल मोडंल. उचल घेतलेली हाये. पोरीला घेऊन जावं कुठं?" मी तिला तोंड बंद ठेवायचं वचन दिलं होतं. म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं. मालकाला ते माहीत नव्हतं, एवढंच माझं भांडवल.

म्याडम आली. तीच टोपी. परत मातीत बसली, त्याच बाभळीखाली. मला बघून तिला खरंच आनंद झाला. "आजी, तुमच्या गोष्टीचा आमच्या अहवालात खूप उपयोग झाला. तुमच्या शब्दावर मी बाकी काही तपासलंसुद्धा नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

"सरवा अजून चालतो का?" तिनं विचारलं.

"बंद झाला."

"मुलं?"

"शाळेत."

"तुम्ही सगळ्या?"

"घरी."

लबाडी बोलायला मला वाटली होती तितकी जड गेली नाही. जीभ सरळ चालते, मान तेवढी खाली जाते. पलीकडं तीस-चाळीस पावलांवर सालगड्याची बायको पाला ओढत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. आखाड्यावर मालक चपला हातात घेऊन उभा होता, का ते त्यालाच माहीत.

म्याडमनं रकान्यात खूण केली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हा बदल तुमच्यामुळं झाला, आजी. कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

तिनं कागद पिशवीत घातले, पेनाचं टोपण लावलं, उठायला लागली आणि परत बसली. "पण मग आता तुमची हळद कुठून येते?"

एवढे कागद, एवढे प्रश्न, आणि विचारायचा तो प्रश्न टोपण लावल्यावर आला. मागच्या वर्षी हाच एक विचारला असता तर बाकीचे लागले नसते. मी तिच्याकडं बघितलं. खरं विचारत होती. सगळं सांगावं असं मला आतून फार वाटलं. तिला कळलंही असतं. पण कळून तिनं काय केलं असतं? लिहिलं असतं. लिहिल्यावर काय होतं ते मी एक वर्ष भोगलं होतं, आणि आता ते भोगायला दुसरीच बाई तिथं पाला ओढत उभी होती.

"दुकानातून," मी म्हणाले.

ती म्हणाली, "महाग पडत असेल."

"पडते."

मग ती गेली. फिल्डसाहेब संध्याकाळी सांगायला आला की शेताला चांगला शेरा मिळाला, माझा फोटोसुद्धा लागणार आहे कुठंतरी. मी म्हणाले, लावा.

मालकानं शब्द पाळला, पण त्याच्या पद्धतीनं. शेवटची गाडी गेल्यावर त्यानं आधी दोनदा वखर घातला, वेचून घेतलं, आणि मग मला निरोप धाडला की उद्या मोकळं हाये. मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. बायांना मी घरोघर जाऊन सांगितलं. अर्ध्या जणींनी विश्वास ठेवला नाही. खालानं विचारलं, "तूने क्या किया?" मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. "या अल्ला, बुढ़ापे में बिगड़ गई!"

सकाळी आम्ही शेतात शिरलो. माल कमीच होता. ज्या ओळीला आधी मूठभर सापडायचं तिथं दोन बोटं. मी बसून सरकत सरकत उकरत होते आणि खाला पलीकडून ओरडत होती, "ए लबाड! इधर आ, इस तरफ जादा है." मी गेले तर तिकडंही काही नव्हतं, तिला माझी गंमत करायची होती. तेवढ्यात धुऱ्यावरून सालगड्याची बायको पोरीला घेऊन आली. ती शिरली नाही, उभी राहिली. या शेतात राबायची तिला सवय होती, पण स्वतःसाठी वेचायला ती कधी आली नव्हती.

"ये की," मी म्हणाले. "हुभी काहून राहिली?"

"चालंल का?"

"मोकळं हाये."

ती माझ्या बाजूच्या ओळीला बसली. तिला कुठं काय उरलंय ते बराबर माहीत होतं, तिनंच तर आधी वेचलं होतं. दोन तासांत तिच्या पोत्याचा तळ भरला आणि माझा अर्धाही नव्हता. तेव्हा मला कळलं की वखरामागं वेचताना ती टाचेनं दाबत आली होती. मी काही बोलले नाही. तिनंच चार हळकुंडं माझ्याकडं सरकवली, जशी काही माझ्याच ओळीतली होती.

दुपारी रस्त्यावर मोटारसायकल थांबली. फिल्डसाहेब. त्यानं सगळं शेत बघितलं. वीस-पंचवीस बाया, दहा-बारा लेकरं, एकीच्याही हातात मोजा नाही, वर झाडाला पाटी. सगळ्यांची खुरपी थांबली आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आता सांग, असं तोंडावर.

"काय चालू हाये, आजी?" त्यानं रस्त्यावरूनच विचारलं.

"काही न्हाई. शेत बघाया आलो."

त्याचा अहवाल गेलेला होता, शेरा मिळालेला होता. "बघा," तो म्हणाला. "पण कोनी मोबाइलवर फोटो काढू नका." आणि गाडी चालू करून गेला.

संध्याकाळपर्यंत माझं पाऊण पोतं झालं. मुकादमिणीनं ते घरापर्यंत आणून दिलं, वर्षभर न बोलता राहिलेली बाई, आणि दारात टाकून म्हणाली, "आता परत कोनी खरं इचारलं तर मला बोलाव." दुसऱ्या दिवशी अंगणात पातेलं चढवलं. हळद शिजायला लागली की सगळ्या गल्लीला वास जातो, लपवता येत नाही. वाफेत बसून जाळ सारत होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो महिन्यातून एकदा करतो.

"आई, औषध हाये का? पैसे धाडू का?"

"नको," मी म्हणाले. "फोन ठेव, जाळ इझून राहिला."